डब्यातल्या चाउडरचं वकीलपत्र

बॉस्टनच्या टी व्हार्फवर ब्लू शिप टी रूम नावाचं एक उपाहारगृह होतं. १९५९ च्या एप्रिलमध्ये तिथे जेवायला आलेल्या एका बाईंनी क्लॅम चाउडर, म्हणजे शिंपल्यांचं सूप, मागवलं. ते संपलं होतं, म्हणून त्यांनी माशाचं चाउडर घेतलं, आणि थोड्याच घासांत घशात काटा अडकला. प्रकरण हॉस्पिटलमार्गे कोर्टात गेलं. १९६४ साली मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की उपाहारगृहाचा दोष नाही. न्यायमूर्ती रिअर्डन यांनी जुन्या पाककृती धुंडाळून दाखवलं, की चाउडरमध्ये माशाचे मोठाले तुकडे पडत आले आहेत आणि काटे वेचून काढा असं कुणी सांगितलेलं नाही. न्यू इंग्लंडमध्ये लहानाचं मोठं झालेल्या माणसाने चाउडर खाताना काट्याची तयारी ठेवायलाच हवी.

बाईंविषयी वाईट वाटतंच. घशात काटा अडकल्यावर वर पाककृतींचा इतिहास ऐकून घ्यायचा ही दुहेरी शिक्षा झाली. पण निकालामागचा विचार मला पटतो. पदार्थाकडून काय अपेक्षा ठेवायची, ते तो पदार्थ कसा घडत आला यावरून ठरवावं. खाणाऱ्याने मनात काय चित्र रंगवलंय, यावरून ठरवू नये. हाच न्याय डब्यातल्या क्लॅम चाउडरला लावायची वेळ आली की मात्र भले भले रसिक सुनावणी न घेताच फाशी सुनावतात.

आरोपपत्र आता पाठ झालंय. डबा उघडला की निघते ती खळ. शिंपले शोधावे लागतात. सापडलेच तर चावून चावून जबडा दुखतो. मिठाचं तर विचारूच नका. आणि शेवटी ठेवणीतलं वाक्य: हे खरं चाउडरच नाही. असं म्हणणाऱ्यांचे दोन गोट आहेत. एक इथला, न्यू इंग्लंडचा, ज्यांच्या आजोळी ओहोटीच्या वेळी चिखलातून शिंपले उकरले जायचे. दुसरा आपला, रत्नागिरी-मालवण-गोव्याकडून येऊन बॉस्टन नाहीतर न्यू जर्सीकडे स्थिरावलेला. थंडीतल्या एखाद्या संध्याकाळी कुतूहलापोटी डबा आणायचा, पहिल्याच चमच्याला तिसऱ्यांच्या सुक्याची आठवण काढायची आणि डबा नि अमेरिका दोन्ही एकदम निकालात काढायची, हा या दुसऱ्या गोटाचा खाक्या. दोघांचंही थोडं थोडं मला मान्य आहे. तक्रार आहे ती एवढीच, की गुन्हा एकाचा आणि पकडलाय दुसऱ्यालाच. डब्यात शिंपल्याचं फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते दूध.

आधी ते ‘खरं चाउडर’ प्रकरण मिटवू. अमेरिकेत छापलेली सगळ्यात जुनी ज्ञात चाउडरची कृती १७५१ सालच्या ‘बॉस्टन ईव्हनिंग पोस्ट’मध्ये आहे, तीही पद्यात. त्यात कांदा आहे, खारवलेलं डुकराचं मांस आहे, मासा आहे, जहाजावरची टणक बिस्किटं आहेत, चक्क लाल वाइन आहे. दूध नाही, बटाटा नाही, शिंपलेही नाहीत. शंभर वर्षांनी, १८५१ मध्ये, हर्मन मेलव्हिलने ‘मोबी डिक’मध्ये अख्खं एक प्रकरण चाउडरला दिलं. नँटकेट बेटावरच्या ट्राय पॉट्स खाणावळीत इश्माएल आणि क्वीक्वेग यांच्यापुढे जे क्लॅम चाउडर येतं, त्यात लहान रसदार शिंपले, कुटलेली जहाजी बिस्किटं, खारट मांसाच्या चकत्या, लोणी आणि मिरी आहे. इथेही बटाटा नाही. दुधाचा तर उल्लेख येतो तो दुधाला माशाचा वास का मारतोय या कोड्यापुरताच. मधल्या काळात, १८३० च्या दशकात घरोघरी पोचलेल्या लिडिया मारिया चाइल्ड यांच्या काटकसरी गृहिणींच्या पुस्तकात बटाटा आलाय, पण शिंपले मात्र ‘हवे तर घाला’ या थाटात.

म्हणजे ज्या दाट, पांढऱ्या, मलईदार वाडग्याला सगळे ‘अस्सल’ म्हणून डब्याच्या विरुद्ध साक्षीला उभं करतात, तो साक्षीदार या घराण्यात बराच उशिरा आलेला आहे. उलट मूळ पदार्थ पाहा: पिंपात मिठात घातलेलं मांस, महिनोन्‌महिने टिकावी म्हणून दगडासारखी भाजलेली बिस्किटं, तळघरातला कांदा. ताजा असायचा तो मासा. बाकी सगळं साठवणीचं. चाउडर हे जहाजावरचं आणि बंदरावरचं जेवण होतं, घरापासून लांब, हाताशी जे टिकाऊ असेल त्यात भागवणाऱ्या माणसांचं. टिकाऊपणा हा त्याच्या स्वभावाला लागलेला डाग नाही, तोच त्याचा स्वभाव आहे. अशा पदार्थाला ‘तू डब्यातून आलास’ असं हिणवणं म्हणजे त्याच्या कुळाचा पत्ताच नसणं.

आता शिंपले आणि डबा यांच्या नात्याविषयी. ही गोष्ट रसिकांना माहीत नसते आणि मला ती फार आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगते. बॉस्टनमध्ये १८२२ पासून चालत आलेली विल्यम अंडरवुड यांची डबाबंद पदार्थांची कंपनी होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांना एक त्रास छळत होता: काही डबे फुगायचे, आतला माल नासायचा, आणि का, ते कुणालाच कळत नव्हतं. डबाबंदी तेव्हा अंदाजपंचे चालायची. एवढं उकळलं की पुरे, हे अनुभवाने ठरायचं आणि अनुभव अधूनमधून दगा द्यायचा. १८९५ मध्ये संस्थापकांचे नातू विल्यम लायमन अंडरवुड ही अडचण घेऊन मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत गेले. तिथल्या सेजविक या प्राध्यापकांनी आपला तरुण सहायक सॅम्युएल प्रेस्कॉट त्यांच्यासोबत दिला. दोघे वर्षभर दुपारच्या दुपारी प्रयोगशाळेत बसले, आणि सर्वांत आधी त्यांनी हातात घेतले ते शिंपल्यांचेच डबे. उकळत्या पाण्यालाही न जुमानणारे जिवाणूंचे बीजाणू त्यात सापडले. रिटॉर्टमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या दाबाच्या भल्यामोठ्या भांड्यात, १२१ अंश सेल्सियसला दहा मिनिटं ठेवले तर ते मरतात, हे त्यांनी दाखवून दिलं.

आजही कमी आंबटपणाच्या कुठल्याही डबाबंद पदार्थाचं गणित त्या १२१ अंशांभोवती फिरतं. राजमा असो, मका असो, मटणाचं सूप असो, त्याच्या सुरक्षिततेची मुळाक्षरं शिंपल्यांवर गिरवली गेली. ज्याच्यामुळे डबाबंदी शहाणी झाली, त्याच शिंपल्याला डबा मानवत नाही असं बेधडक म्हणणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

‘पण ते रबरासारखे का लागतात?’ प्रश्न रास्त आहे, उत्तर मात्र डब्याच्या आधीच सापडतं. डब्यातल्या चाउडरमध्ये पडतो तो बहुतेक वेळा सर्फ क्लॅम, नाहीतर ओशन कोहॉग. दोन्ही उघड्या समुद्राच्या तळातले. सर्फ क्लॅम जवळपास वीतभर मोठा होतो. अमेरिकेच्या मिड-अटलांटिक राज्यांच्या किनाऱ्यापासून दूर, बोटी पाण्याचा जोरदार फवारा तळाच्या वाळूत मारतात, वाळू सैल होते आणि शिंपले लोखंडी जाळीत गोळा होतात. एवढा मोठा प्राणी, वाळूत रुतून बसायला लागणारा पायाचा जाडजूड स्नायू, तो मऊ कसा असेल? म्हणून तर तो चिरून, बारीक करून घालतात. ओशन कोहॉगची तऱ्हा आणखी वेगळी. आइसलँडजवळ २००६ मध्ये काढलेल्या एका कोहॉगचं वय शास्त्रज्ञांनी कवचावरच्या रेषा मोजून ५०७ वर्षं ठरवलं. सगळेच काही इतके जगत नाहीत, पण तुमच्या वाडग्यातला तुकडा तुमच्या आजोबांपेक्षा वयाने मोठा असणं अगदी शक्य आहे. थोडा चिवटपणा तेवढा समजून घ्यावा.

आणि गंमत म्हणजे हाच सर्फ क्लॅम लांब पट्ट्या कापून, पीठ लावून तळला की कुणाचीच तक्रार नसते. हॉवर्ड जॉन्सनच्या नारिंगी छपरांखाली अमेरिकेच्या कित्येक पिढ्यांनी सुट्टीच्या प्रवासात ज्या तळलेल्या क्लॅम स्ट्रिप्स मिटक्या मारत खाल्ल्या, त्या याच शिंपल्याच्या. त्याहून मोठी गंमत हॉटेलांच्या मुदपाकखान्यात दिसते. घाऊक पुरवठादारांच्या यादीत ५१ औंसांचे, म्हणजे जवळपास दीड किलोचे, चिरलेल्या सी क्लॅमचे डबे असतात. ते घरगुती ग्राहकासाठी नसतात हे सांगायला नको. धक्क्यावरच्या, खिडकीतून बोटी दिसणाऱ्या, वाडग्यासोबत खाऱ्या वाऱ्याचेही पैसे लावणाऱ्या किती जागांचं ‘ताजं’ चाउडर या डब्यातून निघतं, याची चौकशी आमचे रसिक करत नाहीत. तिथे शिंपला डब्यातूनच आलेला असतो. फक्त तो डबा तुम्ही फोडलेला नसतो.

मग फरक कशात पडतो? तिथे दूध ताजं असतं. इथे आपण मुद्द्यावर येतो.

डबाबंदीत दाट पदार्थाचं एक दुखणं आहे. पातळ पाण्यात उष्णता फिरते, दाट रसात ती कडेकडून मध्याकडे रांगत जाते. डब्याच्या पार मध्यभागी हवं ते तापमान पोचेपर्यंत कडेचा भाग कितीतरी जास्त शिजून निघतो. शिंपल्याला, मांसाला, टोमॅटोला हे बऱ्यापैकी सोसतं. दुधाला नाही. दुधातली साखर आणि प्रथिनं एवढ्या उष्णतेत एकमेकांशी भिडतात, रंग किंचित करडा-पिवळसर होतो, उकळून उतू गेलेल्या दुधाचा वास येतो आणि सगळं फाटायला बघतं. ते फाटू नये, महिनोन्‌महिने फडताळात बसूनही एकजीव राहावं, म्हणून त्यात मक्याचा प्रक्रिया केलेला स्टार्च घालतात. जिला तुम्ही खळ म्हणता ती हीच. दूध आधीच डब्यात घालायचं ठरवलं, त्या दिवशी तिची गरज निर्माण झाली.

पटत नसेल तर एक साधी गोष्ट करून बघा. तयार, नुसतं गरम करून खायचं चाउडर आणा. डबा उघडून उलटा केलात की पांढरा ठोकळा डब्याच्या वळ्यांचा ठसा अंगावर घेऊन हळूहळू बाहेर सरकतो. हे दृश्य सुंदर आहे असं मी म्हणणार नाही. तो चाळणीत टाका आणि कोमट पाण्याच्या धारेखाली अलगद धुवा. खळ निघून जाते आणि चाळणीत उरतात बटाट्याचे चौकोनी तुकडे, कुठे सेलरीचा हिरवट धागा, आणि शिंपल्याचे करडे-गुलाबी बारके तुकडे. यातला एक तुकडा नुसता तोंडात टाका. समुद्राची चव आहे. थोडी गोडसर, थोडी लोखंडासारखी, शेवटी खारट. चिवट आहे, पण खोटी नाही. मघाशी चमच्यात जे बेचव लागत होतं ते या तुकड्याभोवतीचं लिंपण होतं.

म्हणूनच जुन्या पद्धतीचा घट्ट केलेला डबा, ज्यात दूध आपण घरी घालायचं असतं, तो माझ्या मते नव्या तयार डब्यापेक्षा सरळमार्गी आहे. कॅम्पबेल कंपनीत जॉन डॉरन्स या रसायनतज्ज्ञाने १८९७ मध्ये सूप घट्ट करून विकायची युक्ती काढली ती वजन आणि वाहतूक वाचवायला, पण चाउडरच्या बाबतीत त्या युक्तीने नकळत चवही वाचवली. मेनमधल्या पाइन पॉइंटला फ्रेड स्नो यांनी पहिल्या महायुद्धानंतर सुरू केलेल्या कारखान्याचं नाव आजही डब्यांवर दिसतं. पुढे तो धंदा न्यू जर्सीच्या केप मे बंदराकडे सरकला. त्या घट्ट डब्यात सायीचं दूध घाला, मंद आचेवर ठेवा, उकळी फुटू देऊ नका, वर लोण्याचा गोळा आणि ताजी कुटलेली मिरी घाला, आणि चुरलेले क्रॅकर वाडग्यात टाका. एवढं केल्यावरही ज्याला ते नावडेल, त्याच्याशी माझा वाद नाही. नुसता मायक्रोवेव्हमध्ये फिरवून नाक मुरडणाऱ्याशी आहे.

आपल्या गोटाकडे वळते. आपल्याकडे या पदार्थावर रुसायला डबा उघडायचीही गरज नसते. मासे आणि दूध एकत्र? चरकसंहितेने त्याला विरुद्ध आहारात घातलंय, आणि मासे खाऊन वर दूध प्यायलं की अंगावर कोड उठतं, ही धमकी तर आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. (नारळाच्या दुधाला ही बंदी नाही, हे आपलं नशीब, नाहीतर सोलकढी गेली असती.) ही अढी मनात ठेवून पहिला चमचा घ्यायचा आणि मग दोष डब्याला द्यायचा, यात प्रामाणिकपणा नाही. तुम्हाला दुधातले शिंपले नको आहेत. ते बॉस्टनच्या उंची हॉटेलात चांदीच्या चमच्यानेही नकोच असतील.

आणि तिसऱ्यांशी तुलना? त्या सुक्याची तुलना क्लॅम चाउडरशी होऊच शकत नाही, ताज्याशीही नाही. नखाएवढा कोवळा जीव, शिंपीसकट शिजलेला, ओल्या खोबऱ्यात लडबडलेला. तो एक पदार्थ. वीतभर शिंपल्याचे तुकडे घालून बर्फात गारठलेल्या कोळ्याला ऊब देणारी पेज, तो दुसरा. तरीही एका ठिकाणी दोन्हीकडच्या सुगरणी एकमेकींना ओळखतील. तिसऱ्या उघडताना सुटलेलं पाणी कोकणात कुणी मोरीत ओतत नाही. ते गाळून, तळाची वाळू मागे ठेवून, रश्शात जातं, कारण खरी चव तिथे असते. न्यू इंग्लंडची बाईही तेच करते, आणि डब्यावरची घटकांची यादी वाचलीत तर कारखानाही तेच करतो: शिंपल्यांचं पाणी. डब्यात सगळ्यात सुखरूप राहणारी गोष्ट हीच. परीक्षा घ्यायचीच असेल तर या पाण्याची घ्या.

आता प्रतिपक्षाच्या खात्यावर जे खरोखर जमा होतं ते देऊन टाकते. लेबलावरचं चित्र लबाड असतं. चित्रातल्या चमच्यावर जेवढे शिंपले दिसतात तेवढे कधीकधी अख्ख्या डब्यात मिळत नाहीत. अमेरिकेच्या कायद्याने घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, आणि बटाटा शिंपल्याच्या आधी आलेला तुम्हाला बऱ्याचदा दिसेल. मिठाचंही खरं आहे: एका कपात ७०० ते ९०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दिवसाच्या २३०० च्या मर्यादेचा तिसरा हिस्सा, आणि एवढ्याशा डब्यात असे दोन कप असतात. ज्याला रक्तदाब आहे त्याने माझं काही ऐकू नये. पण हे दोष डब्याचे नाहीत, कारखानदाराच्या हात आखडण्याचे आहेत. शिंपला महाग, बटाटा स्वस्त, मीठ त्याहून स्वस्त. त्याच डब्यात दुप्पट शिंपले घालायला कोणताही जिवाणू आडवा येत नाही. लोक डब्याला शिव्या घालून मोकळे होतात, तोवर कारखानदाराला हात सैल सोडायचं कारणही नाही.

उरला तो शेवटचा टोमणा: एवढं सगळं करायचं तर ताजे शिंपले आणून घरीच का करू नये? जरूर करा. समुद्रापासून तासाभराच्या अंतरावर राहत असाल, शिंपले वाळू सोडेपर्यंत मिठाच्या पाण्यात ठेवायला वेळ असेल, आणि खिशाला परवडत असेल तर तुमच्यासारखे सुखी तुम्हीच. ओहायोत, कॅन्ससमध्ये, किंवा फेब्रुवारीच्या हिमवादळात अडकलेल्या वूस्टरमध्ये राहणाऱ्याला फडताळातला तीनेक डॉलरचा डबा हाच समुद्रकिनारा आहे.

आणि मघापासून दुधावर जो ठपका ठेवला, तो शेवटपर्यंत न्यायचा तर न्यू इंग्लंडच्या गोटाला मुळीच न रुचणारी एक गोष्ट म्हणावी लागेल. डब्यातून सगळ्यात कमी बिघडून बाहेर येतं ते मॅनहॅटन चाउडर. दूध नाही, टोमॅटोचा पातळसर रस्सा, त्यामुळे सांभाळायला खळीची फौज लागत नाही. टोमॅटोला जास्त शिजण्याचा राग नाही, आणि शिंपल्यांचं पाणी त्यात स्पष्ट कळतं. अँडी वॉरहॉलने १९६२ मध्ये कॅम्पबेलचे जे ३२ डबे रंगवले त्यातला क्लॅम चाउडरचा डबाही मॅनहॅटन पद्धतीचाच आहे. आपल्या तिखटाआंबटाच्या जिभेला तर तो लगेच ओळखीचा वाटतो. वरून चिमूटभर लाल तिखट घातलं तरी तक्रार करत नाही. मेनमध्ये मात्र हे बोलताना जपून. तिथल्या विधिमंडळात १९३९ साली क्लीव्हलंड स्लीपर या प्रतिनिधींनी क्लॅम चाउडरमध्ये टोमॅटो घालण्यावर बंदी आणणारं विधेयकच मांडलं होतं. स्टार्चवर बंदी घालावी, असं मात्र त्यांना सुचलं नाही.